आजोबांच्या ट्रंकेतलं 'जपान्याचं घड्याळ' आणि पडलेल्या लढाऊ विमानांतल्या वस्तू जमवणारे लोक

पेठेतला_पसारेवाला | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, मदत हवी आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. जुनी रेशनकार्डं, एक फुटका चष्मा, गोदरेजच्या कपाटाची किल्ली (कपाट विकून तीस वर्षं झाली), आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक काळी गोल वस्तू. तळहातावर कशीबशी मावते. आकाराच्या मानाने जड. पुढे काच, काचेखाली ० ते ९ आकडे आणि तीन काटे: एक लांब, एक मध्यम, एक अगदीच बुटका. खालच्या अंगाला छोटी खिडकी, कडेला गुंडी. गुंडी फिरवली की खिडकीतली संख्याही फिरते आणि काटेही सरकतात. मागे मुकुट, त्याखाली 'ए एम' अशी दोन अक्षरं आणि ६ए/६८५ हा आकडा.

आमच्याकडे ही वस्तू 'जपान्याचं घड्याळ' म्हणून प्रसिद्ध आहे. आजोबा लढाईच्या काळात लोहगावला गोऱ्यांच्या स्टोअरमध्ये कारकून होते. आजी सांगायची, ब्रह्मदेशात पाडलेल्या जपानी लढाऊ विमानाच्या कॉकपिटमधून काढलेलं आहे, एका साहेबानं भेट दिलं. लहानपणी आम्ही चुलतभावंडं रांगेनं बसून ते कानाला लावायचो. टिकटिक कधीच ऐकू आली नाही.

हे खरंच पडलेल्या विमानातलं असेल का? कसं ओळखायचं? अशा वस्तू जमवणारं इथे कोणी आहे का?

---

आडवातिडवा | रविवार, रात्री १०.५२

जपान्यानं घड्याळावर इंग्लंडच्या राजाचा मुकुट कोरून घेतला होता म्हणजे मोठ्या मनाचा असणार.

---

ओझरचे_आप्पा | सोमवार, सकाळी ६.१०

नमस्कार. मी हवाईदलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, शेवटची वर्षं ओझरला काढली.

पसारेवाले, हे घड्याळ नव्हे. अल्टिमीटर आहे, उंची दाखवणारं यंत्र. लांब काट्याची एक फेरी म्हणजे हजार फूट, मधल्याची दहा हजार, बुटका दहा-दहा हजारांचे टप्पे दाखवतो. खिडकीतली संख्या म्हणजे हवेचा दाब, मिलिबारमध्ये. आत पातळ पत्र्याच्या हवाबंद डब्या असतात. वर जावं तसा बाहेरचा दाब कमी होतो, डब्या फुगतात, दातेरी चाकांतून ती हालचाल काट्यांपर्यंत पोचते. कानाला लावून टिकटिक येणार नाही, कारण आत घड्याळासारखी चावीची स्प्रिंग नाही.

'ए एम' म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटिशांचं हवाई खातं. ६ए हा त्यांच्या स्टोअरच्या यादीतला उपकरणांचा गट. ६ए/६८५ म्हणजे मार्क १४ अल्टिमीटर. जपानी विमानं उंची मीटरमध्ये मोजत, तुमच्या डायलवर फूट आहेत. तेव्हा जपान्याचा विषय इथेच संपला. आजींची क्षमा मागून सांगतो.

आता स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानातलं की कशातलं, हे नंबरावरून कधीच कळणार नाही. ब्रिटिशांनी लढाईच्या आधीच पायलटच्या समोरची सहा मुख्य उपकरणं एका पट्टीवर ठराविक जागी बसवायची असं ठरवून टाकलं होतं. वरती वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढ-उताराचा दर. खाली उंची, दिशादर्शक जायरो आणि वळण. स्पिटफायर घ्या, हरिकेन घ्या, लँकेस्टर बॉम्बर घ्या, पट्टी तीच. पायलट एका विमानातून उठून दुसऱ्यात बसला तरी नजर आपोआप योग्य जागी जावी म्हणून. त्यामुळे हाच अल्टिमीटर हजारो विमानांत होता.

---

पेठेतला_पसारेवाला | सोमवार, सकाळी ९.३०

आप्पा, दंडवत! आईला वाचून दाखवलं. 'म्हणजे सासूबाई चाळीस वर्षं थापा मारत होत्या' एवढंच म्हणाली आणि फारच खूश झाली.

पण ब्रिटिश असलं तरी पडलेल्या विमानातलं असू शकतंच ना?

---

मेडवेकाठचा | सोमवार, दुपारी ३.२०

धागा बघून राहवलं नाही. मी मूळचा साताऱ्याचा, गेली सोळा वर्षं इंग्लंडात केंट परगण्यात. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवरची हवाई लढाई या केंटच्या डोक्यावर झाली. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर अशी तिची अधिकृत तारीख मानतात. पडलेली विमानं अजून शेतांखाली, दलदलीत, एखाद्या सफरचंदाच्या बागेत आहेत. ती शोधून खणून काढणारे हौशी गट इथे साठच्या दशकाअखेरीपासून आहेत. मी अशा एका गटाबरोबर रविवारी जातो. बहुतेक वेळ चिखल उपसण्यात आणि चहा पिण्यात जातो.

पसारेवाले, तुमच्या फोटोत काच शाबूत दिसते. इथूनच शंका सुरू होते. सरळ नाक खाली करून ताशी सहाशे किलोमीटरच्या वेगानं जमिनीत घुसलेल्या विमानाचं कॉकपिट कसं निघतं ते सांगतो.

वरच्या फूट-दोन फुटांत पत्र्याचे तुकडे, नांगरानं विस्कटलेले. मग काहीच नाही, नुसती माती. मग अचानक मातीचा रंग निळसर-काळा होतो आणि वास येतो. पेट्रोल, ऑइल आणि कुजलेल्या पानांचा मिळून एक वास, ऐंशी वर्षांनंतरही. तो वास आला की खड्ड्यातले सगळे गप्प होतात. त्याखाली पंधरा-वीस फुटांवर इंजिन. कॉकपिट इंजिनाच्या मागे असतं, म्हणून ते इंजिनावर येऊन आदळलेलं, बाजाच्या पेटीचा भाता मिटावा तसं मिटलेलं. त्या गठ्ठ्यातून उपकरणं सुटी करावी लागतात. काचेचा चुरा, डायल वाकलेली, काटे गायब. कधीकधी काटा डायलवर आपटून त्याचा रंगाचा डाग उमटलेला असतो आणि त्यावरून शेवटचा आकडा वाचता येतो.

माझ्याकडे स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू आहे. उपकरणांच्या पट्टीचा काळ्या रंगाचा अॅल्युमिनियमचा तुकडा, भाकरीएवढा, मधोमध दुमडलेला. त्यात एक गोल भोक आणि भोकात उपकरणाची पितळी कडी अडकलेली, आता अंडाकृती झालेली. घडीत अजून केंटची माती आहे, ती मी काढलेली नाही. सोबत गटाचं पत्र: कुठलं विमान, कुठली तारीख, कुठलं शेत, परवान्याचा क्रमांक. पायलट छत्रीनं उतरून वाचला होता. मी मुद्दाम तशीच वस्तू घेतली.

चकचकीत वस्तूबरोबर 'पाडलेल्या स्पिटफायरमधली' अशी चिठ्ठी दिसली की मी आधी चिठ्ठी वाजवून बघतो.

---

क्षार | सोमवार, दुपारी ४.०५

पसारेवाले, एक तातडीचं. आकडे आणि काटे पिवळट-तपकिरी दिसतायत का? फोटोत तसंच वाटतंय.

असेल तर तो रेडियमचा रंग आहे. रात्री दिसावं म्हणून रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळून रंगवत. काच उघडू नका. काटे खरवडू नका. मुलांना कानाला लावायला देऊ नका.

---

पेठेतला_पसारेवाला | सोमवार, दुपारी ४.११

बाप रे. पण काल रात्री दिवे घालवून पाहिलं, अजिबात चमकत नाही. म्हणजे रेडियम संपलं असेल ना?

---

क्षार | सोमवार, दुपारी ४.३०

हा सगळ्यांचा समज असतो आणि तो उलटा आहे. चमकायचं काम झिंक सल्फाइड करतं, रेडियम फक्त त्याला ऊर्जा पुरवतं. सततच्या माऱ्यानं झिंक सल्फाइड काही वर्षांत मरून जातं. रेडियम तसंच राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. म्हणजे १९४० मधलं रेडियम आज जवळपास सगळंच्या सगळं शिल्लक आहे.

स्कॉटलंडमध्ये डॅल्गेटी बे म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. लढाई संपल्यावर तिथल्या तळावरची जुनी विमानं मोडली, डायली जाळल्या आणि राख किनाऱ्यालगत भरावात टाकली. १९९० मध्ये किनाऱ्यावर किरणोत्सार सापडला. साफसफाई पूर्ण व्हायला २०२३ उजाडलं.

घाबरू मात्र नका. काच बंद, डबी शाबूत असेल तर कपाटात ठेवायला हरकत नाही. उशाशी नको, बंद छोट्या खोलीत नको, कारण रेडियमपासून रेडॉन वायू निघतो. हाताळल्यावर हात धुवा. काच तडकलेली असेल तर मात्र जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा. भंगारवाल्याला अजिबात देऊ नका.

---

पेठेतला_पसारेवाला | सोमवार, संध्याकाळी ६.००

काच शाबूत आहे. तरी आईनं यंत्र गॅलरीत तुळशीशेजारी नेऊन ठेवलंय. 'तुळस सगळं शोषून घेते.' यावर कोणी प्रतिसाद देऊ नये ही विनंती.

---

आडवातिडवा | सोमवार, संध्याकाळी ६.०२

तुळशीला काही झालं तर कळवा.

---

सौ_चौकस | सोमवार, रात्री ९.१५

मला मूळ प्रकारच पटत नाही. ज्या खुर्चीत बसून कुणाचा तरी विशीतला मुलगा जळून मेला, तिथलं बटण काढून आणायचं आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवायचं? आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतात. येता-जाता लोक शेंदूर लावतात, नारळ फोडतात. कोणी ती घरी उचलून आणतं का?

---

आडवातिडवा | सोमवार, रात्री ९.२०

आणतात हो ताई. फार्महाऊसच्या लॉनवर उभी करतात, खालून फोकस सोडतात.

---

मेडवेकाठचा | मंगळवार, पहाटे १.४०

सौ. चौकस, तुमचा प्रश्न इथेही विचारला गेला आणि त्यातून कायदा झाला.

सत्तरच्या दशकात इथे कोणीही कुदळ घेऊन जायचं. काही खड्ड्यांत पायलटही सापडले. १९७९ मध्ये शेपी बेटावरच्या दलदलीतून एक हरिकेन काढलं, त्यात फ्लाइट लेफ्टनंट ह्यू बेरेसफर्ड होता. ७ सप्टेंबर १९४० पासून 'बेपत्ता'. त्याला लष्करी इतमामानं पुरलं. एका बाजूनं बघाल तर घरच्यांना एकोणचाळीस वर्षांनी थडगं मिळालं. दुसऱ्या बाजूनं, हौशी लोक कबरी उकरतायत असंही झालं. म्हणून १९८६ मध्ये लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा आला. आता लष्करी सेवेत पडलेलं कुठलंही विमान इथे आपोआप संरक्षित आहे. संरक्षण मंत्रालयाचा परवाना नसताना फावडं लावलं तर गुन्हा. आत माणूस किंवा जिवंत दारूगोळा असण्याची शक्यता असली तर परवाना सहसा मिळतच नाही. काही विमानं कुठे आहेत हे आमच्या गटाला ठाऊक आहे आणि त्यांना आम्ही हात लावत नाही. एका शेतकऱ्यानं तशा जागेभोवती चौकोन सोडून नांगरायची पद्धत ठेवली आहे. वडिलांनी सांगितलं म्हणून.

पण एक दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगतो. १५ सप्टेंबर १९४०, ऐन लंडनवर. रे होम्स नावाच्या सार्जंट पायलटच्या हरिकेनमधल्या गोळ्या संपल्या. समोर जर्मन डॉर्निये बॉम्बर. त्यानं आपल्या विमानाचा पंख त्याच्या शेपटीवर घातला. बॉम्बर व्हिक्टोरिया स्टेशनच्या दारात पडलं, होम्स छत्रीनं खाली आला, आणि त्याचं हरिकेन बकिंगहॅम पॅलेस रोडवर रस्त्यात घुसलं. त्यावर रस्ता परत झाला, साठ-चौसष्ट वर्षं बसगाड्या फिरल्या. २००४ मध्ये रस्ता फोडून ते काढलं. इंजिन निघालं आणि कॉकपिटमधली कंट्रोलची दांडी निघाली. होम्स तेव्हा हयात होता, नव्वदीला टेकलेला. दांडीवरचं गोळ्या झाडायचं बटण अजून 'फायर'वर होतं. त्यानं ते पाहिलं. पुढच्या वर्षी तो गेला.

ते बटण तुम्ही कुठे ठेवाल? मला खरंच विचारायचं आहे, वाद म्हणून नाही.

---

सौ_चौकस | मंगळवार, सकाळी ७.५०

त्याच्या हातात. आणि तो गेल्यावर संग्रहालयात. कोणाच्याही दिवाणखान्यात नाही.

पण चौकोन सोडून नांगरणारा शेतकरी आवडला.

---

नवा_गडी | मंगळवार, सकाळी १०.००

सगळं वाचून मलाही असं काही घ्यावंसं वाटतंय. एका परदेशी लिलावाच्या साइटवर स्पिटफायरची ती गोल मुठीची दांडी दिसली. खणून काढलेली म्हणतायत, वर गंज वगैरे आहे. किंमत माझ्या बाइकएवढी. घेऊ का?

---

मेडवेकाठचा | मंगळवार, दुपारी १.१५

थांबा!!

त्या मुठीइतकी नक्कल दुसऱ्या कशाचीच होत नसेल. खरी मूठ कशी असते ऐका. फावड्याच्या दांड्याला असते तशी गोल कडी, वरून गुंडाळी. डाव्या अंगाला वरती पितळी बटण, त्याभोवती फिरणारी कडी: सेफ, फायर. मागे ब्रेकची चिमटी, सायकलच्या ब्रेकसारखी. बटणाखाली वायर नसते, बारीक नळ्या असतात, कारण या विमानांच्या बंदुकांचे चाप दाबाच्या हवेवर चालत. बटण म्हणजे हवेची झडप. आणि स्पिटफायरचं कॉकपिट इतकं अरुंद की पूर्ण दांडी डावी-उजवी हलवली तर मांडीवर आपटेल, म्हणून दांडी मधोमध सांधलेली आहे आणि फक्त वरचा भाग बाजूला झुकतो.

खड्ड्यातून निघालेल्या मुठीवर हे सगळं असतं, पण प्रत्येक धातू वेगळ्या तऱ्हेनं सडलेला असतो. एकसारखा गंज चढलेली मूठ दिसली की समजायचं, ही मागच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी परसात पुरलेली होती.

---

क्षार | मंगळवार, दुपारी २.००

याला दुजोरा. पितळ हिरवट-तपकिरी होतं पण टिकतं. पोलाद फुगतं, पापुद्रे सुटतात. ड्युरअॅल्युमिनियमवर (विमानाच्या पत्र्याचा मिश्रधातू) पांढरी भुकटी येते आणि हाताला पत्र्यांच्या थरांसारखं लागतं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्यात तर विरघळूनच जातात, नुसता आकार मातीत उरतो. बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लॅस्टिक, गंजत नाही, तडकतं. चारही धातूंवर एकच लालसर थर असेल तर तो रसायनानं दिलेला आहे.

जागेवरही फार असतं. आयर्लंडच्या उत्तर टोकाला डोनेगॉलमध्ये १९४१ साली एक स्पिटफायर दलदलीत पडलं, २०११ मध्ये काढलं. तिथल्या कुजट मातीत प्राणवायू पोचतच नाही. बंदुका इतक्या चांगल्या निघाल्या की आयरिश लष्करानं दुरुस्त करून एक चालवून दाखवली. सत्तर वर्षांनी! उलट इजिप्तच्या वाळवंटात १९४२ मध्ये उतरलेलं किटीहॉक हे लढाऊ विमान २०१२ मध्ये सापडलं तेव्हा जवळपास अख्खं होतं. कोरडी हवा. त्याला निसर्गानं सत्तर वर्षांत जे केलं नाही ते सापडल्यानंतर माणसांनी केलं, कॉकपिटमधल्या वस्तू सुट्या करून.

आणि मिळालेली वस्तू ब्रासोनं घासू नका. कोमट पाणी, मऊ ब्रश, सावलीत पूर्ण वाळवणं, वर मेणाचा पातळ हात. बस.

---

गंगेकाठचा_पाहुणा | मंगळवार, संध्याकाळी ५.४५

पडलेल्या विमानांचं चाललंय, मी न पडलेल्या विमानाचं सांगतो. हे आपल्या देशातलं आहे आणि फार लोकांना माहीत नाही.

बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षं एक हरिकेन उघड्यावर पडून होतं. अभियांत्रिकीच्या मुलांना शिकायला म्हणून १९४७ च्या सुमारास दिलेलं. १९८२ मध्ये पीटर व्हॅशर नावाचा इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात फिरत होता, त्याच्या नजरेस ते पडलं. नंबर निघाला आर ४११८. तपास केला तर काय, १९४० मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून ६०५ स्क्वाड्रनमध्ये ४९ वेळा लढाईला गेलेलं विमान! १९४३ अखेरीस प्रशिक्षणासाठी भारतात पाठवलं होतं. परवानग्या मिळवत मिळवत २००१ मध्ये त्यानं ते परत नेलं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उडालं.

मी एका लग्नाला तिथे गेलो होतो तेव्हा वऱ्हाडातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं, 'आम्ही त्याच्या सावलीत डबा खायचो.'

---

आडवातिडवा | मंगळवार, संध्याकाळी ५.५८

आपल्याकडे ते अजून पडून असतं तर आतापर्यंत त्याच्या पंखावर 'चिंटू लव्हज् पिंकी' कोरलेलं असतं. गेलं ते बरं झालं.

---

ओझरचे_आप्पा | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

आडवातिडवा, सरसकट बोलू नका. पालमच्या हवाईदल संग्रहालयात आपण हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही जपलेली आहेत. मात्र सत्तरच्या दशकाअखेरीस भारतातली बरीच स्पिटफायर इंग्लंडात गेली हेही खरं. आम्हा फिटरांना तेव्हा त्यांची किंमत नव्हती. जेट आली होती, ही जुनी खटारी वाटायची.

---

नवा_गडी | मंगळवार, रात्री ८.१०

एक मूलभूत प्रश्न. चिखलातून चुरा निघतो म्हणता, मग 'अमुक ठिकाणी सापडलेलं स्पिटफायर आता उडतंय' अशा बातम्या येतात त्या कशा?

---

मेडवेकाठचा | मंगळवार, रात्री ११.३०

सातबारा! प्रत्येक विमानाला निर्मात्याची एक छोटी पाटी असते, क्रमांकाची. ती पाटी आणि सोबत थोडे मूळ भाग तुमच्याकडे असले की त्या ओळखीवर बाकीचं विमान नव्यानं बांधता येतं. जमीन कुठली आणि वाडा कुठला हे विचारायचं नाही, उताऱ्यावर नाव आहे ना.

अगदी वरच्या दर्जाचं उदाहरण पी ९३७४ हे स्पिटफायर. २४ मे १९४० ला पीटर कॅझनोव्ह या पायलटनं ते फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर वाळूत उतरवलं. स्वतः पकडला गेला, विमान वाळूनं गिळलं. १९८० मध्ये वाळूतून वर आलं. इंग्लंडात डक्सफर्डला बांधून २०११ मध्ये उडालं, २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं. उडताना बघितलंय मी. अंगावर काटा येतो, नाकारत नाही. पण त्यात कॅलेच्या वाळूतलं किती आणि डक्सफर्डच्या कारखान्यातलं किती, हा प्रश्न आमच्या खड्ड्याकाठी विचारला की दोन तट पडतात.

मला विचाराल तर लंडनच्या हेंडन संग्रहालयातलं पी ३१७५ हे हरिकेन बघा. ३१ ऑगस्ट १९४० ला एसेक्सच्या किनाऱ्यावर पडलं, पायलट गेला. १९७३ मध्ये चिखलातून काढलं आणि जसं निघालं तसंच ठेवलंय. फाटलेलं, वाकलेलं. मुलं पळत पळत त्याच्यापाशी येतात आणि थांबतात.

---

कोल्हापुरी_ठसका | बुधवार, सकाळी ९.००

ह्या सगळ्यात मराठी माणूस कुठाय?

---

ओझरचे_आप्पा | बुधवार, सकाळी ९.४०

हृषीकेश मुळगावकर. मुंबईत जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवर उडाले, काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र, १९७६ ते ७८ हवाईदलप्रमुख. समाधान?

---

कोल्हापुरी_ठसका | बुधवार, सकाळी ९.४२

लय भारी. समाधान.

(यापुढचे जिल्हावार अभिमानाचे अकरा प्रतिसाद अवांतर म्हणून उडवले आहेत. — संपादक)

---

नवा_गडी | बुधवार, दुपारी १२.००

अरुणाचलच्या जंगलातही विमानं पडलीत ना? तिथे ट्रेकला जाऊन एखादी वस्तू...

---

सौ_चौकस | बुधवार, दुपारी १२.०३

नाही!

---

मेडवेकाठचा | बुधवार, दुपारी १२.४०

ताईंशी पूर्ण सहमत. ती बहुतेक मालवाहू विमानं, आसामातून हिमालयाच्या कडेनं चीनला रसद नेणारी. अमेरिकेची पथकं अजूनही तिथे आपल्या माणसांचे अवशेष शोधतात. वस्तू पाहायच्याच असतील तर पासीघाटला २०२३ मध्ये त्या मोहिमेचं संग्रहालय झालंय, तिथे जा. जागेवरून एक स्क्रू जरी उचलला तरी मागाहून येणाऱ्याला ते विमान कोणतं हे कळायचा धागा तुटतो.

आणि कुठूनही आणा, काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा विमानाच्या सामानात टाकू नका. मी एकदा साताऱ्याला भाच्याला दाखवायला नेली होती. विमानतळावरच्या त्या चार तासांबद्दल बायको अजून बोलते.

---

ओझरचे_आप्पा | बुधवार, दुपारी ४.००

पसारेवाले कुठे गेले? मूळ वस्तू राहिलीच. एक काम करा. अल्टिमीटरच्या मागे पितळी तोंड असेल, आटे पाडलेलं. विमानातली बाहेरच्या दाबाची नळी तिथे जोडतात. भिंग घेऊन त्या आट्यांवर आणि षटकोनाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे आहेत का बघा. मग पुढच्या कडेची स्क्रूची भोकं बघा. स्क्रू आवळला की भोकाभोवती काळा रंग गोल उडतो. फिटरनं कितीही हलक्या हातानं लावलं तरी उडतोच. तीस वर्षं लावलेत, सांगतो.

---

पेठेतला_पसारेवाला | बुधवार, रात्री १०.१५

आप्पा, बघितलं. भिंगानं बघितलं, मोबाइलनं मोठं करून बघितलं, शेजारच्या घड्याळजींकडे नेऊन त्यांच्या डोळ्याला लावायच्या भिंगातून बघितलं.

पितळी तोंडावर एकही ओरखडा नाही. भोकांभोवती रंग सगळीकडे शाबूत.

---

ओझरचे_आप्पा | गुरुवार, सकाळी ६.०५

मग ते कुठल्याच विमानात बसलेलं नाही. स्टोअरमध्ये आलं, फळीवर राहिलं, लढाई संपली. तुमचे आजोबा कारकून होतेच. डिस्पोजलमध्ये सगळा माल वजनावर जात होता, तेव्हा एखादं घरी आलं असेल. जुन्या बाजारात असे ढिगानं मिळायचे.

---

पेठेतला_पसारेवाला | गुरुवार, सकाळी ९.२०

खोटं कशाला बोलू, जरा हिरमोड झाला. जपानी विमान गेलं, ब्रिटिश विमान गेलं, आता उडालेलंही नाही म्हणता. आईला सांगितलं. ती या वेळी हसली नाही. म्हणाली, 'बिचाऱ्याला कोणी नेलंच नाही.'

---

ओझरचे_आप्पा | गुरुवार, सकाळी ९.५०

अहो, पण मग आतल्या डब्या धक्का न खाल्लेल्या असणार. जिवंत आहे का बघायचं? लोहगावचा समुद्रसपाटीच्या हिशेबानं काढलेला हवेचा दाब नेटवर मिळतो, मिलिबारमध्ये. गुंडी फिरवून खिडकीत तो आकडा लावा. काटे पुण्याची उंची दाखवायला हवेत, साधारण १८५० फूट.

---

पेठेतला_पसारेवाला | गुरुवार, सकाळी १०.३०

१६४०!!! म्हणजे जवळजवळ!

---

ओझरचे_आप्पा | गुरुवार, सकाळी १०.३४

काचेवर बोटानं हलकी टपली मारा. आत चाकं चिकटतात. पिस्टन इंजिनाच्या विमानात सगळी पट्टीच थरथरत असते, त्यामुळे काटे मोकळे राहतात. जेट आली तेव्हा ती थरथर गेली आणि अल्टिमीटर अडकायला लागले, म्हणून नंतर त्यांच्यात थरथरवणारी छोटी मोटर घालावी लागली.

---

पेठेतला_पसारेवाला | गुरुवार, सकाळी १०.३६

१७८०.

---

क्षार | गुरुवार, सकाळी १०.५०

टपली हलकी. काच फुटली तर मी जबाबदार नाही.

---

पेठेतला_पसारेवाला | रविवार, दुपारी २.४५

आज सकाळी सिंहगडला गेलो. गाडीनंच. यंत्र मुलाच्या मांडीवर नाही (क्षार, शांत व्हा), डॅशबोर्डवर, जाड पिशवीत, टॉवेलच्या चुंबळीत बसवून. आई पुढच्या सीटवर. आकडे वाचायचं काम तिनं घेतलं होतं.

खडकवासल्यापर्यंत काही नाही. गोळेवाडीचा नाका ओलांडून घाट लागला आणि लांब काटा निघाला. वळणागणिक थोडा थोडा, अडखळत. आई 'दोन हजार गेले', 'अडीच' असं मोठ्यानं सांगत होती, लोकलमध्ये स्टेशनं सांगावीत तशी. वर पोचेपर्यंत लांब काट्याच्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या. गड १३१२ मीटर, म्हणजे ४३०० फूट. वाहनतळावर गाडी बंद केली तेव्हा यंत्र ३९६० दाखवत होतं.

---

ओझरचे_आप्पा | रविवार, दुपारी ३.००

टपली मारलीत का?

---

पेठेतला_पसारेवाला | रविवार, दुपारी ३.०४

आईनं मारली. ४१२०.